वीतभर आणि त्याच्या आभाळातल्या खोल्या

कुणाच्याही घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं की माझा भाऊ पाणी मागायच्या आधी भिंत मोजायचा. टेपबिप नाही, हातानं. अंगठा आणि करंगळी ताणून वीत-वीत पुढं सरकायचा, आणि घरचे लोक हातात तांब्या धरून बघत उभे राहायचे. खिडकीशी पोचला की मागं वळून म्हणायचा, "ही पेटी हितनं काढून तितं ठेवली तर आणि दोन माणसं झोपतील की." त्यांना आणखी दोन माणसं झोपवायची आहेत की नाहीत, हे विचारायची त्याला गरज वाटत नसे. अख्खं रामनगर त्याला वीतभर म्हणायचं. आई बाळू म्हणायची, आणि मी पाठची बहीण, मी अण्णा म्हणायची. हल्ली त्याचं नाव निघालं की आधी मला राग येतो, आणि राग येऊन गेला की मग तो आठवतो. हा क्रम बदलून बघितला, जमला नाही. तेव्हा हे लिहिणं रागातच होणार, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचं घर जुन्या सुप्यात, काळी नदीच्या वरच्या अंगाला. धरणाचं पाणी चढायला लागलं तसं आम्हाला सामानासकट ट्रकात घालून रामनगरला आणलं आणि पत्र्याच्या एका खोलीपुढं उतरवलं. कुणी साहेब आले होते, ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत घरं हुतात, तवर भागवून घ्या." भागवून घेणारे आम्ही नऊ. आप्पा, आई, काका, काकी, त्यांची तीन पोरं, अण्णा आणि मी. शिवाय भाताची पोती, देवांची पेटी, नांगर, जातं, आणि सुप्याच्या घराची आप्पांनी उचकटून आणलेली दारं. आई उंबऱ्यातच बसली. "ह्यात माणसं ऱ्हायची की ढोरं?" एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

अण्णा तेव्हा बेळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, सुट्टीला आलेला. तो आईच्या बाजूनं आत शिरला आणि भिंती मोजायला लागला. मोजून झाल्यावर खिशातला खडू काढून जमिनीवर माणसं आखायला बसला. एकेकाला बोलवायचा, "काकी, आडव्या व्हा बघू," आणि बाईमाणसाला अवघडल्यासारखं होतंय हेही त्याच्या लक्षात यायचं नाही. काकांचे पाय जिथं संपतात तिथं धाकट्या पोराचं डोकं, पोराच्या कुशीच्या पोकळीत मधलीचे गुडघे. हसत हसत सांगायचा, "जागा कमी नसतीय. मांडणी चुकतीय." हे त्याचं आवडतं वाक्य. पुढं कित्येक वर्षं हेच म्हणत होता. जागा कमीच होती. ती धरणानं खाल्ली होती. पण हे त्याला कोण सांगणार, तो तर खडू घेऊन खुशीत होता.

त्याचं दुसरं वाक्य, "वर बघा की, वरची जागा फुकट चाललीय." त्यानं सगळं सामान वर टांगलं. नांगर वर, पोती वर, देवांची पेटीसुद्धा दोरखंडात. आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, देव कधी कुणी टांगतं का म्हणून. देवघराच्या दाराची एक फळी त्यानं चारी कोपऱ्यांना दोर बांधून वाशाला अडकवली. दिवसा ती खाली सोडायची, माझा अभ्यास तिच्यावर. झोपायच्या वेळी ओढून वर. "ही शांतीची शाळा, हिला कुणी हात लावायचा न्हाई," असं त्यानं काकांच्या पोरांना बजावून ठेवलं होतं. त्या फळीवर मी मॅट्रिक झाले. आमच्या नात्यात तोवर एकही मुलगी मॅट्रिक झाली नव्हती. हे त्याचं माझ्यावरचं ऋण, आणि ते मी कुठंच नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर रागवायला सोपं गेलं असतं.

आता राग कशाचा ते सांगते. चूल दारापाशी मांडली, धूर बाहेर जावा म्हणून. त्यामुळं आतल्या जमिनीवर आठ माणसं आखून झाली आणि नववं बसेना. अण्णा खडू घेऊन उभा, कपाळाला आठ्या. तेव्हा आप्पा दारातून म्हणाले, "माझं काय घिऊन बसलाईस. मला उघड्यावरच झोप लागती. मी भाईर पडतो." अण्णाचा चेहरा लगेच उजळला. "व्हय, तसं केलं तर बसतंय," म्हणाला आणि खडू खिशात टाकला. हे 'बसतंय' माझ्या कानात अजून आहे. आप्पा आत या, मी तरणाताठा आहे, मी बाहेर पडतो, असं तो एकदाही म्हणाला नाही. गणित सुटल्याच्या आनंदात होता.

आमच्या जोयड्याकडचा पाऊस ज्यानं खाल्लाय त्यालाच ठाऊक. लागला की महिना महिना तोंड दाखवत नाही सूर्य. आप्पा पत्र्याच्या वळचणीला, खाली गोणपाट, वर गोणपाट, दोन्ही ओली. खोकला आमच्या उशाशी असल्यासारखा ऐकू यायचा. काका म्हणायचे, "आत ये गा, तुझ्या पोराची जागा रिकामीच हाय." आप्पा म्हणायचे, "पोरानं बराबर मांडलंय, कशाला इस्कटता." पोराची मांडणी विस्कटू नये म्हणून माझा बाप भिजत राहिला. पोरगा तेव्हा बेळगावला होस्टेलवर, कॉटवर. श्रावण संपता संपता आप्पांची छाती भरली आणि ते तिथंच वळचणीला गेले. दिवाळी आली, घरं आली नाहीत. घरं पुढच्या दिवाळीला आली. काका-काकी पोरांना घेऊन बाजारकुणंगला काकीच्या माहेराकडं गेले. आप्पांच्या बुडालेल्या शेताचे जे काही पैसे हातात आले ते अण्णाबरोबर विमानात बसले आणि अमेरिकेला गेले. माझं लग्न इथंच गिरणीवाल्याशी झालं, म्हणून आईजवळ मी राहिले.

अमेरिकेत शिकून झाल्यावर अण्णा एका कंपनीत लागला. कंपनी कसली, चार-पाच माणसं आणि भाड्याचा एक गाळा. त्यांचं म्हणणं असं, की सरकारचं यान आभाळात जातं, त्याच्या पोटात सामानाला मोकळी जागा असते, तिथं आपण एक खोली करून बसवायची. त्या खोलीत माणसं काम करतील, राहतील, आणि खोलीचं भाडं कंपनी घेईल. अण्णा सुट्टीला आला तेव्हा त्यानं हे आईला समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हितली जागा पाण्यात गेली, आनि ह्यो आभाळात खोल्या भाड्यानं द्यालाय." हे गावभर झालं. मग अण्णा बाजारात दिसला की कोण ना कोण हाळी द्यायचंच, "काय वीतभर, वर चाळ बांधालाईस म्हणं. नळ भाईर की आत?" तो चिडायचा नाही. तिथं पाणी सांडत नाही, त्याचा गोळा होऊन तरंगतो, असं त्या माणसाला उभ्या उभ्या समजावून सांगायचा.

तिकडं खाली-वर असं काही नसतं, हे त्याला फार आवडायचं. चारी भिंती, छत, जमीन, सगळी जागा वापरायला मोकळी. माणसं पिशवीत शिरून भिंतीला बांधून झोपतात. आई म्हणाली, "माणसाला भित्तीला टांगतोस व्हय रं? मागं देव टांगलास, आता माणसं." तो इतका हसला की ठसका लागला. येताना तो तिथल्या चिकटपट्ट्या आणायचा, एका बाजूला लव आणि दुसऱ्या बाजूला कुसळासारखे काटे. वर आभाळात चमचे, बुटं, वह्या सगळं त्या पट्टीनं भिंतीला लावतात म्हणे. आईनं ती आपल्या पानाच्या चंचीला शिवली. रोज पान खाताना चर्रकन आवाज काढायची आणि म्हणायची, "पोराची कंपनी बोलाली बघा." तेवढं मलाही हसू यायचं.

कंपनी सुरळीत वाढली असं नाही. मधल्या एका वर्षी सरकारचं यान उडतानाच आभाळात फुटलं, आतली माणसं गेली, आणि कंपनीच्या खोलीला कुणी विचारेना. अण्णा पगाराशिवाय राहिला. आईनं उळवीच्या देवाला नवस केला, "पोराची खोली सुखानं वर जाऊन सुखानं खाली येऊं दे." पुढं यानं परत सुरू झाली, आणि बऱ्याच वर्षांनी ती खोली खरंच वर गेली आणि माणसांसकट धड खाली आली. जत्रेला आई उळवीला चालत जाऊन आली, गुडघे सुजवून. अण्णाला यायला सवड झाली नाही. कंपनीला आता दुसऱ्या खोलीचं काम मिळालं होतं, मग तिसऱ्या, मग वर जाणाऱ्या माणसांना शिकवायचं, त्यांच्या खाण्यापिण्याचं बांधून द्यायचं. गाळ्याची इमारत झाली, इमारतीच्या इमारती झाल्या. पुढं तर असं बोलायला लागले, की आता पैसेवाल्या साध्या माणसांनाही वर न्यायचं.

ही साधी माणसं गोळा करायला कंपनीला एक गोष्ट लागत होती. ती अण्णानं दिली. एकदा आला तेव्हा फोटो दाखवत होता, मोठ्या मंचावर हा उभा, खाली सूट घातलेले लोक. मी विचारलं, "काय सांगतोस ह्यांना?" म्हणाला, "आपल्या पत्र्याच्या खोलीचं सांगतो की. नऊ माणसं एका खोलीत ऱ्हायली आणि कुणाला कमी पडलं न्हाई. उठून टाळ्या वाजवतात, शांते." माझ्या हातात उलथनं होतं. "कुणाला कमी पडलं न्हाई?" मी म्हटलं. आईनं डोळ्यानं दाबलं, म्हणून पुढचं गिळलं. त्याला माझा सूरही कळला नाही. तो नव्या घराच्या भिंतीवर वीत टाकत होता. त्या संध्याकाळी माझ्या भाकऱ्या करपल्या आणि नवऱ्यानं त्याच खाल्ल्या.

पुढच्या खेपेला तो एकटा आला नाही. कंपनीच्या जाहिरातीचं बघणारी एक बाई बरोबर होती, गळ्यात कॅमेरा. बाई चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. दारात बूट काढले, आईच्या पाया पडायला वाकली, चुकून काकीच्या पडली. काका-काकी मुद्दाम तिला बघायला आले होते. पत्र्याची खोली अजून नव्या घराच्या मागच्या अंगाला उभी होती, सरपण भरलेली. अण्णानं सरपण बाहेर काढलं, जमीन झाडली आणि खिशातून खडू काढला. एवढ्या वर्षांनी पण त्याच्या खिशात खडू होताच. गुडघ्यावर बसून तो आखायला लागला, इंग्रजीत बोलत, हसत. हे काका. ही काकी. ही त्यांची पोरं. ही माझी बहीण, इथं तिची फळी. हा मी, ही आई. बाई फोटो काढत होती. मग दाराजवळ सरकून त्यानं नववी चौकट आखली आणि आधी इंग्रजीत, मग आमच्याकडं बघून म्हणाला, "आणि हे आप्पा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "तितं चूल व्हती, बाळू."

आवाज चढवला नाही तिनं. अण्णाचा खडू हातातच थांबला. आई पुढं झाली, त्याच्या हातातला खडू घेतला, गुडघ्यावर हात टेकत उंबरा उतरली, आणि वळचणीखाली, जिथं पत्र्याचं पाणी पडून दगड उघडा पडला होता, तिथं चौकट आखली. खडू उमटेना तर दाबून आखली. आखून झाल्यावर तिथंच उकिडवी बसली.

बाईनं अण्णाला विचारलं, हे काय. अण्णा बोटांवरची खडूची भुकटी पुसत बसला. काका खाली बघत होते. बाईनं परत विचारलं. माझं इंग्रजी त्या टांगलेल्या फळीवरचं, मॅट्रिकपुरतं. मी म्हटलं, "फादर. आउटसाइड. रेन." आणि बोट करून दाखवलं. "डेड." बाईनं कॅमेऱ्यावर झाकण घातलं.

अण्णा म्हणाला, "मला खरंच आप्पा आत हाईत असं वाटायलंतं, शांते." मी म्हटलं, "तुला वाटायलंतं. आम्ही त्यांचा खोकला ऐकालंतो." तो म्हणाला, "इतक्यांदा सांगितलं गं मी." मी त्याला समजूत म्हणून एक शब्द दिला नाही, आणि देणार नव्हतेच. तो खोटं बोलला असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण त्यानं सांगता सांगता बापाला आत घेतलं होतं, टाळ्यांसाठी, आणि आप्पांच्या अंगावर पाऊस पडला होता हे तो विसरून गेला होता. जायच्या दिवशी त्यानं आमच्या घराची एकही भिंत मोजली नाही. आईनं बांधून दिलेल्या कंदांची पिशवी घेतली, तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि जीपमध्ये बसला.

पुढं त्याचा फोन बाजारातल्या एसटीडी बूथवर यायचा, बूथवाल्याचा पोरगा आईला बोलवायला धावत यायचा. एकदा मी घेतला. म्हणाला, "मी ती गोष्ट सांगायची बंद केलीया." मी म्हटलं, "बरं केलंस." म्हणाला, "पण कंपनीवाले सांगाल्यात. नवीन माणूस ठेवलाय. आमचा एक इंजिनिअर होता, त्याची नऊ माणसं, असं सांगतोय." कंपनीच्या चकचकीत कागदावर आमच्या पत्र्याच्या खोलीचा फोटो छापला होता, खाली नऊ माणसं, आणि अण्णाचं ते वाक्य इंग्रजीत. जागा कमी नसते. अण्णानं भांडून बघितलं. त्याला सांगितलं की गोष्ट चांगली आहे, ती आता कंपनीची आहे. मग त्याला मंचावर न्यायचं बंद झालं, पुढं कामातूनही बाजूला केलं. कंपनी त्याच्याशिवाय वाढतच राहिली. आमची जमीन एकानं घेतली, बापाचं मरण दुसऱ्यानं घेतलं, आणि दोघांनीही ते लोकांच्या भल्यासाठी म्हणून सांगितलं. ह्या रागाला मी कुठं ठेवू, सांगा. हा कुठल्या वाशाला टांगता येतो?

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला. हृदय बंद पडलं. लग्न केलं नव्हतं, मागं कुणी नव्हतं, सगळं तिकडंच उरकलं. फोन त्याच बाईनं केला, बूथवर उभी राहून मी ऐकला. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगत होती, मला कळावं म्हणून. तिनं सांगितलं, तुझा भाऊ तुमच्याकडं जाऊन आल्यापासून घरात झोपत नव्हता. पलंग होता, गादी होती. तो बाहेर गॅलरीत झोपायचा. थंडीत, पावसात. शेजाऱ्यांनी सांगितलं तरी ऐकलं नाही. मी फोन ठेवला आणि घरी येईपर्यंत रस्ताभर त्याला शिव्या घालत होते. गाढवा, तुला बाहेर झोपायचंच होतं तर तेव्हा झोपायचं होतंस. आप्पा असताना.

आमच्याकडं म्हाळाला पितरांचं पान देवापुढं मांडतात आणि वाढून झाल्यावर घरची माणसं जेवायला बसतात. आईनं आप्पांचं पान कधीच आत मांडलं नाही. मागच्या त्या वळचणीला, दगडावर, केळीचं पान टाकून त्यांचा भात, वडे, खीर वाढायची. पाऊस असला तर डोक्यावर इरलं घेऊन उभी राहायची. अण्णाला हे ठाऊक नव्हतं, तो म्हाळाला कधी इथं नसायचा.

अण्णा गेल्यावरच्या भाद्रपदात आईला उठवत नव्हतं, म्हणून पानं मी घेतली. आई खाटेवरनं म्हणाली, "शांते, आंदा दोघांस्नीबी आत घे गे. आता घरात जागा हाय." खरंच होतं. चार खोल्यांचं घर, पोरं शिकायला गेलेली, आम्ही तीन माणसं. कुठंही मांडलं असतं तरी बसलं असतं.

मी नाही घेतलं. मागं गेले, दगड धुतला, आप्पांचं पान मांडलं आणि त्याच्या बाजूला अण्णाचं, एक वीत अंतर सोडून. भात वाढला. पाऊस लागलाच होता. मग घरात जाऊन माझं ताट घेऊन आले आणि त्या दोघांच्या शेजारी, वळचणीला जेवायला बसले.